जितं पाणी

आत्याबाईंच्या ओंजळीतल्या पाण्यात एक ठिपका उडाला. वाहिला नाही, पाणी स्थिर होतं. तो झटका देऊन पुढं गेला, थांबला, पुन्हा झटका दिला. राजगिऱ्याचा दाणासुद्धा त्याच्यापुढं मोठा. दुसऱ्या कुणी पाहिला असता तर धूळ म्हणून सोडून दिला असता. मला मात्र ती चाल ठाऊक होती. बाजाराच्या गर्दीत माहेरचं माणूस नुसत्या चालीवरून ओळखावं तशी मी ती ओळखली. ओंजळ खाली येत होती. बाळ माझ्या मांडीवर, अकरा महिन्यांचं, नुकतंच जावळ उतरवलेलं, डोकं हळदीनं पिवळं आणि वस्तऱ्यानं कुठं कुठं लाल झालेलं. तहानेनं त्यानं तोंड उघडलंच होतं. “आ कर, मालक, आ कर,” आत्याबाई म्हणत होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, ठमाबाई. नातवाचं नाव आजोबांवरून महिपती ठेवायचा हट्ट त्यांचाच. पण नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं, म्हणून त्या त्याला मालक म्हणतात. मी बाळाच्या तोंडावर हात ठेवला. ठरवून ठेवला नाही, हातच गेला. पाणी माझ्या बोटांवरून ओघळून पायरीवर पडलं आणि तापलेल्या दगडावर बघता बघता सुकलं. त्या ओल्या डागाकडं मी पाहत राहिले. त्यात ते होतं. आता ते मेलं. एवढंच मनात आलं, आणि मग वर पाहिलं तर सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

बारव आमच्या भावकीची. निमगाव केतकीच्या पलीकडं माळावर, वरून पाहिलं तर जमिनीला पडलेलं नुसतं चौकोनी भोक. पायऱ्या उतरत गेलं की गारवा लागतो आणि शेवाळाचा वास येतो. खालच्या कोनाड्यात शेंदूर फासलेले सात दगड, त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. घरातल्या पहिल्या मुलाचं जावळ इथं उतरवायचं, आणि त्याच्या तोंडात आसरांचं पाणी आजीनं आपल्या हातानं घालायचं. तोवर आईनं अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. पहाटे आम्ही बारामतीहून सर्व्हिस मोटारीनं निघालो होतो, पुढं बैलगाडी. चैत्राचं ऊन. माझे यजमान सर्जेराव बारामतीला कालव्याच्या कचेरीत आहेत. तिथल्या घरी मी पाणी उकळते, दुहेरी फडक्यानं गाळते, तांब्यावर झाकण ठेवते. “आमच्याकडं पाणी शिजवून वाढतात,” असं ते मित्रांना हसून सांगतात. ते आता सगळ्यात वरच्या पायरीवर पुरुषांच्यात बसले होते, धोतराचा सोगा डोक्यावर घेऊन. आणि माझ्या खाली दोन पायऱ्यांवर चुलत सासरे कुंडलिकतात्या, उजवा पाय पोटरीपर्यंत पाण्यात सोडून. त्यांच्या घोट्याला नारू होता. उतरताना मी तो पाहिला होता: फुटलेल्या फोडातून बाहेर आलेला पांढरा दोरा, काडीला गुंडाळलेला, काडी चिंधीनं पायाला बांधलेली. रोज बोटभर ओढायचा आणि गुंडाळायचा. जोर केला आणि तुटला की मग पाय पिकतो. “आगीवाणी होतंय बघ, सूनबाई,” ते मला बघून म्हणाले होते, “पाण्यात सोडला की कसं म्हायेरी आल्यागत वाटतं.” आणि मी हसले होते, हसायला हवं म्हणून.

ती झटक्याची चाल मी पहिल्यांदा पाहिली ती कॉलेजात, पुण्याला. आमचे वडील सत्यशोधक मंडळीतले. मुलीला शास्त्र शिकवणार म्हणजे शिकवणार, नातलग काही म्हणोत. प्राणिशास्त्राच्या वर्गात मुलींत मी एकटीच होते. खिडकीजवळच्या टेबलावर सरांनी मायक्रोस्कोप लावला होता आणि काचेवरच्या थेंबात एक पाणपिसू. तिचं अंग काचेचं असावं तसं आरपार. हृदय दिसत होतं, भराभर उडणारं. आतडं दिसत होतं, आणि आतड्याची भिंत फोडून आत शिरलेल्या बारीक सुया दिसत होत्या. त्या सुया म्हणजे एका बुरशीचे बीजाणू, पिसूनं खाण्याबरोबर गिळलेले. “आता हलू नका, बघत राहा,” सर म्हणाले. तिच्या बिनरंगी रक्तातून एक गोळा आला, वाट चुकल्यासारखा, आणि सुईला चिकटला. मग दुसरा. मग कितीतरी. ते एकमेकांत मिसळले, कणकेसारखे सुईभोवती लपेटले गेले, आणि माझ्या डोळ्यांदेखत नव्हे, पण तासाभरानं पुन्हा पाहिली तेव्हा सुई वाकली होती, जाड झाली होती, तिचे तपकिरी कण झाले होते. ह्या पेशी. सर सांगत होते, किड्यांजवळ, खेकड्यांजवळ, शिंपल्यातल्या जिवाजवळ दुसरं सैन्य नाही, हेच आहे. सुरवंटाला काटा टोचला तर ह्याच पेशी काट्याभोवती जमून मरतात आणि तिथं काळी गाठ होते; गाठ घेऊन सुरवंट जगतो. मी बाकावर बसल्या बसल्या टाळी वाजवली होती. मुलगे हसले. “टाळ्या थांबवा आणि दुसरी बशी बघा,” सर म्हणाले. दुसऱ्या बशीतल्या पिसवा त्यांनी उपाशी ठेवून उन्हात तापवल्या होत्या. सुया तशाच, तेवढ्याच. पेशीही होत्या, पण आळसावल्यासारख्या, सुईपर्यंत जात आणि सैल होऊन परत सुटत. काही फुटल्या. संध्याकाळी त्या पिसवेचं सगळं अंग सुयांनी भरलं होतं आणि हृदय अजून उडत होतं. मरायच्या आधी बराच वेळ ते उडत असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आणि तिसऱ्या काचेवर ही. पाणपिसवेचीच लांबची बहीण, कपाळावर एकच डोळा असलेली, झटक्यानं पोहणारी. तिच्या पोटाच्या पोकळीत एक बारीक अळी वेटोळं करून पडली होती, नारूची अळी. भोवती एकही पेशी नाही. पिसवेत एवढी धावपळ, आणि इथं सामसूम. मी विचारलं, “सर, हिच्या पेशी का येत नाहीत?” सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, असल्या तर फार थोड्या असतील, कुणी नीट पाहिलेल्या नाहीत. किंवा आत आलेला परका आहे हे तिला कळतच नसेल. आणि माणसाला तरी कुठं कळतं? पाण्याबरोबर ही माणसाच्या पोटात जाते, पोटात विरघळते, अळी सुटते, आतड्याबाहेर पडते आणि मांसामधून हिंडत राहते. वाढते. हातभर, दोन हात. आपल्या रक्तातल्या पेशी तिच्या अंगावरून जात-येत असतील, आणि कुणी थांबत नाही. वर्षभरानं ती पायाशी येऊन कातडीला भोक पाडते तेव्हा कुठं शरीर जागं होतं, सुजतं, पेटतं. तोवर तिचं काम झालेलं असतं. ह्या माळावरची माणसंही तेच म्हणतात. नारू बाहेरून आला असं इथं कुणी मानत नाही. शीर पिकली आणि बाहेर निघाली, म्हणतात. आपलीच शीर.

“काय झालं गं?” आत्याबाईंनी विचारलं. रागानं नव्हे. हात हलला असेल, पोर दचकलं असेल, असं त्यांना वाटलं होतं.

“आत्याबाई, पाणी गाळून देऊ या का? माझ्याजवळ धुतलेलं फडकं आहे. एकदा गाळलं की झालं.”

“गाळून?”

“त्यात बारीक जीव आहेत. बघा ना, हलतात.”

आत्याबाईंनी वाकून पुन्हा ओंजळ भरली आणि वरून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात धरली. त्यांची नजर अजून शाबूत आहे. बराच वेळ त्यांनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की माझ्या लक्षात आलं, मी चुकले. “व्हय की! आगं चंद्रे, ह्ये बघ, पाणी जितं हाय औंदा! माज्या डोळ्याला दिसलं न्हाय, हिनं दावलं.” बायका पुढं सरसावल्या. जितं पाणी म्हणजे आसरा प्रसन्न. ते उडणारे ठिपके म्हणजे आसरांची लेकरं. ती दिसली तर पाणी पाजायचं, आणि न दिसली तर पाणी मेलं म्हणून तसंच परत जायचं, पुढल्या पुनवेला यायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात त्यांना काही वाटलंच नसेल. मी गप्प बसले असते, नुसतं म्हटलं असतं की आत्याबाई, मला काही दिसत नाही, तर आज आम्ही सगळे बाळाला घेऊन सुखानं परतलो असतो. मी मायक्रोस्कोपवाली. मीच बोट दाखवलं.

“गाळायचं म्हंजी काय करायचं?” नणंद चंद्राबाई म्हणाल्या. “आसरांची लेकरं फडक्यात मारायची आन् मग आपल्या लेकराला पाजायचं? त्या सोडतील व्हय?” वन्सं एक पाय ओढत चालतात. त्यांचा नारू गुडघ्यामागं निघाला होता, लग्नाच्या आदल्या वर्षी. घाई करून ओढला, तुटला, पाय पिकला आणि आखडून राहिला. त्या पायावर भार न देता त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. “शिकल्याली बाई,” त्या दुसऱ्या बायकांना म्हणाल्या, “हिला पाण्यात बी भुतं दिसत्यात.”

“भुतं नाहीत, वन्सं. ह्यातूनच नारू होतो.” मी खाली बोट केलं. “तात्यांच्या पायातून तो पाण्यात उतरतो, ह्या किड्यांत शिरतो—”

“माजा?” कुंडलिकतात्यांनी मान वळवली. “सूनबाई, माजा नारू मलाच सोडंना गेला, आन् त्यो पवत पवत तुज्या पोराकडं येतुया व्हय?” सगळ्या हसल्या. आत्याबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मग तात्यांनी, मला बरं वाटावं म्हणून, पाय पाण्याबाहेर काढून पायरीवर ठेवला. काडीवरून पाणी ठिबकत होतं. “घे. झालं समाधान?” चांगला माणूस. त्यांना कसं सांगावं की आजच्या पायाचा प्रश्नच नव्हता. आज उतरलेल्या अळ्या अजून कच्च्या. पंधरवड्यापूर्वी कुणी पाय सोडला असेल त्याच्या त्या ओंजळीत होत्या. असतीलच असंही नाही. शंभरांतल्या एखाद्या किड्यात असेल, किंवा पाचांतल्या एकात. मला माहीत नव्हतं. वरून पाहून कुणालाच कळत नाही. नुसता ठिपका उडतो.

मी वर पाहिलं. यजमान उठून दोन पायऱ्या उतरले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. बारामतीला एकदा मी काचेच्या पेल्यात दाखवलंही होतं, आणि त्यांनी कौतुकानं पाहिलं होतं. “विजू,” ते हळू म्हणाले, मला एकटीलाच ऐकू जावं असं, “वाद नको आज. एका घोटानं काय होतंय? मी ह्याच पाण्यावर वाढलो.” खरं होतं. त्यांना नारू झाला नव्हता. त्यांच्या धाकट्या भावाला झाला होता. तो ज्या वर्षी गेला त्याच वर्षी, पण कशानं गेला हे ह्या घरात एकसारखं कुणी सांगत नाही.

मग त्या माझ्याभोवती जमल्या. कुणी ओरडलं नाही, कुणी हिसकावलं नाही. एकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, एकीनं कोपर धरलं, एक बाळाचे तळवे चोळू लागली, “बघ कशी कोरड पडलीय त्याच्या घशाला.” वन्सं मागच्या पायरीवर बसल्या आणि त्यांचे गुडघे माझ्या खांद्यांना टेकले. भट्टीसारखा त्यांच्या अंगांचा उबारा येत होता, हळद, खोबरेल, घाम. आणखी दोघी आल्या. काय ही समजूत घालणं! किती मऊ. आणि एकदम मला ते कणकेचे गोळे आठवले, सुईभोवती लपेटणारे, आणि अंगावर काटा आला. कारण इतकी वर्षं मी टाळी वाजवणारी, त्या पेशींच्या बाजूची. सुईला काय वाटत असेल हे मनातसुद्धा आलं नव्हतं. ह्या बायका काय वाईट करत होत्या? घरात काहीतरी परकं शिरलं होतं आणि त्या त्याला आपल्यात विरघळवत होत्या. काही दिवसांनी मी तपकिरी होईन, मोडेन, ह्यांच्यातलीच एक होईन, आणि कोण्या सुनेच्या कोपराला असाच हात लावीन. आणि जे खरं परकं होतं, ओंजळीत उडत होतं, ते त्यांना लेकरू वाटत होतं. माझी जीभ टाळूला चिकटली होती. काल रात्रीपासून पोटात काही नव्हतं. डोळ्यांपुढं शेंदराचे सात ठिपके लांब-जवळ होऊ लागले. दुसरी बशी, मी मनात म्हटलं. तापवलेली, उपाशी. मला अजून मुद्दे सुचत होते, पुस्तकातलं वाक्य आठवत होतं, पण ते ओठापर्यंत येई आणि सैल होऊन सुटे. बाळाच्या तोंडावरचा माझा हात केव्हा खाली आला ते मला कळलं नाही. तो रडत होता, मोठं लाल तोंड उघडून. आत्याबाईंनी तिसऱ्यांदा ओंजळ भरली.

“मी पिते,” मी म्हटलं.

“काय?”

“मी पिते, आत्याबाई. पोर माझ्या अंगावर आहे. बाळंतपणात तुम्ही काढे कुणाला पाजलेत? मलाच ना? मी प्याले की त्याला गुण यायचा, तुम्हीच म्हणायचात. तसंच हे. मी प्याले की त्याला पोचलं.”

कुठून सुचलं कोण जाणे. मला एवढंच ठाऊक होतं की हे शास्त्र नाही आणि शास्त्राला इथं काही किंमतही नाही. आत्याबाई ओंजळ तशीच धरून माझ्याकडं पाहत राहिल्या. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं. त्या मला लबाड समजत नव्हत्या, तोलत होत्या. सोनं घेताना बायका डागिना हातावर तोलतात तसं.

“बराबर बोलतीया पोर,” खालून तात्या म्हणाले. त्यांनी पाय पुन्हा पाण्यात सोडला होता. “वासराचं औषद गाईलाच देत्यात की.”

“आसरांना चालंल?” कुणीतरी विचारलं.

“आईच्या दुदाला कोण न्हाय म्हनंल?” आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ओला झाला. “आनि मी उगंच म्हनत हुते, शिकल्याली हाय, हिला कळायचं न्हाय. ये बाई. आ कर.”

मी आ केला. कुणी लहान मुलाला पाजावं तसं त्यांनी एका हातानं माझी हनुवटी धरली. मला वाटलं होतं, जिभेवर काहीतरी हलल्यासारखं वाटेल. काहीच वाटलं नाही. थोडं शेवाळ, थोडी त्यांच्या हातची हळद, आणि पाणी इतकं गार, इतकं गोड, की घसा आपण होऊन उघडला आणि मी पुन्हा मागितलं. लाज वाटते हे सांगायला. सगळी तहान एकदम जागी झाली होती. बायका हसल्या, खूश झाल्या. आत्याबाईंनी आणखी दोन ओंजळी पाजल्या. वन्संनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि माझ्या कपाळाला शेंदूर लावला. बाळाला कुणीतरी वर नेलं. त्याला बारामतीहून आणलेलं माझ्या बाटलीतलं पाणी यजमानांनी पाजलं, आणि आता त्याला कुणाची हरकत नव्हती.

परतीच्या गाडीत सावलीला धोतर बांधलं होतं. उसाचे फड सुरू झाले तशी हवा जरा निवली. आत्याबाई माझ्याशी बोलत होत्या, लग्न होऊन आल्यापासून कधी बोलल्या नव्हत्या इतकं: त्यांच्या पहिल्या जावळाच्या वेळी पाणी मेलं निघालं होतं आणि कशा त्या रडल्या होत्या, सर्जेराव लहानपणी किती हट्टी होते. मी हूं हूं करत होते. आत काय चाललं असेल त्याच्याकडं माझं लक्ष होतं. आता ती पोटात विरघळली असेल. अळी असेल तर सुटली असेल. असेल तर. कदाचित एकही नसेल. कदाचित ह्या क्षणी ती भिंत शोधत असेल. पांढऱ्या पेशी जात-येत असतील, हजारोंनी, ताज्या, आता पाणी पिऊन टवटवीत झालेल्या, आणि एकही वळून पाहत नसेल. वर्षभर मला काही कळणार नाही. वर्षभर मी पायाला खाज सुटली की दिवा जवळ घेऊन पाहीन. ठीक आहे. ते माझ्यात राहील. शास्त्रानं एवढं तरी दिलं होतं: अळी मांसातून हिंडते, दुधात उतरत नाही. उतरते असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. मी आठवून पाहिलं. सरांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. उतरते असं म्हटलं नव्हतं. उतरत नाही असं म्हटलं होतं का? ते पान डोळ्यांपुढं येई आणि त्याच ओळीशी उन्हानं पांढरं होई. कुणी पाहिलं असेल का कधी, दूध काचेवर घेऊन?

बाळ जागं झालं आणि तोंडानं माझी चोळी शोधू लागलं. मी त्याला खांद्यावर टाकलं, थोपटलं. तो रडला. मी बाटली पाहिली. ती रिकामी होती. उलट्या बाजूला घेतलं, बांगड्या वाजवल्या, बैल दाखवले. तो मान मागं टाकून रडत होता, बोडकं डोकं घामानं चमकत होतं. यजमान पुढं गाडीवानाशेजारी बसले होते. त्यांनी एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडं तोंड केलं. मी प्याले की त्याला पोचलं. माझाच आवाज कानात येत होता, बारवेत घुमला होता तसा. मीच म्हटलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली होती. इतक्या जणींनी एकदम मानलेली गोष्ट अंगात शिरते की काय कोण जाणे.

आत्याबाई जवळ सरकल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या चोळीची गाठ सोडली, बाळाचं डोकं तळहातावर घेऊन अलगद माझ्या छातीशी लावलं आणि वरून माझाच पदर ओढला.

“पाज की गं,” त्या म्हणाल्या. इतक्या मायेनं त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. “पोचू दे त्याला.”

त्यानं घट्ट धरलं. दूध उतरताना मला नेहमी बरं वाटतं, खांद्यापासून सगळं सैल झाल्यासारखं. मी दात आवळले, पोटऱ्या ताठ केल्या, श्वास धरला. मी ते अडवून धरायला बघत होते, आणि ते येतच होतं.